जोडी, कोयता आणि चौकट

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा मुलगा माझ्याकडे बारावीला आहे. या आषाढात त्याचे वडील अचानक गेले. तेराव्याला पाटावर ठेवायला आणि पुढे भिंतीला लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा फोटो कुणालाच पटेना. त्यात माणूस ओळखू येत नव्हता. शेवटी मुलाच्या मोबाइलमधून एक फोटो निघाला. २०२१ च्या जानेवारीतला, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावरचा. त्या वर्षी शाळा बंद होत्या म्हणून हा पोरगाही आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता आणि फोटो त्यानेच काढला होता. कोपीसमोर वडील उभे आहेत, त्यांच्या खांद्यावर हात टेकून आई. मागून बैलाचे तोंड आणि एक शिंग चौकटीत आले आहे. पायाशी कुत्रे बसले आहे, मान वळवून. बैलाने वडिलांच्या टोपीला जीभ लावली आणि त्याच क्षणी बटण दाबले गेले. त्यामुळे आई पदर सावरायचे विसरून हसते आहे.

गावातल्या स्टुडिओवाल्याने तासाभरात काम केले. आई काढली, बैल काढला, कुत्रे काढले. मागे निळा पडदा आणला. वडिलांच्या अंगावर कोट चढवला. जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता. मी विचारले, कोट कशाला? तो म्हणाला, "सर, बाईची बोटं खांद्यावर होती. ती पुसत बसायचं म्हणजे लई किचकट काम. कोट घातला की झाकतात."

मी मराठी शिकवतो. कवितेतला कोणता शब्द कवीने गाळला, कादंबरीत कोण बोलत नाही, असे प्रश्न वर्गात विचारणे हा माझा धंदा आहे. त्या दिवशी स्टुडिओच्या बाकावर बसून वाटले की हेच प्रश्न आपण आपल्या जिल्ह्याच्या चित्रांना कधी विचारले नाहीत. बीडचे रोजचे जगणे ज्या प्रतिमांतून बाहेर जाते त्या कोण काढतो, कुणासाठी काढतो आणि काढताना काय कापतो? जनावरे, मोबाइलमधले गेम आणि नवराबायकोचा फोटो हे तीन विषय समीक्षेच्या दृष्टीने फुटकळ समजले जातात. मला वाटते, बीडपुरते बोलायचे तर ते फुटकळ नाहीत, आणि ते एकमेकांत अडकलेले आहेत.

सुरुवात शब्दांपासून करू. आमच्याकडे कुणी "जोडी कितीला पडली?" असे विचारले तर तो बैलांविषयी बोलतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. गेवराई तालुक्यातल्या हिरापूरच्या किंवा बीडजवळच्या नेकनूरच्या बाजारात हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. लग्नाच्या मांडवात तोच शब्द नवरानवरीला लागतो: जोडी शोभते. आणि दसऱ्यानंतर मुकादम गावात फिरू लागला की या नवराबायकोला तिसरा शब्द मिळतो, कोयता. "यंदा टोळीत किती कोयते?" म्हणजे किती जोडपी. उचल कोयत्याला मिळते. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. दिवस बुडाला तर खाडा कोयत्याच्या नावावर पडतो. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा आणि बायको ही दोन माणसे नसतात. हिशेबाच्या वहीत ती एक ओळ असते.

लोखंडाच्या हत्याराचे नाव माणसांच्या जोडीला देणे ही भाषेतली एक मोठी घटना आहे. आपल्या अलंकारशास्त्रात तिच्यासाठी लक्षणा हा शब्द तयार आहे, पण वर्गात लक्षणेचे उदाहरण देताना आम्ही अजून गंगेवरचीच वस्ती सांगतो. या लक्षणेचे परिणाम कागदावरही दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कारणे अनेक आहेत. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही एक धास्ती. पण पोराचे लग्न झाले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो आणि उचलही पूर्ण मिळते, हेही एक कारण आहे आणि ते गावात कुणी लपवत नाही. म्हणून जोडप्याच्या फोटोविषयी लिहिताना मी हळवे व्हायचे नाही असे ठरवले आहे. कित्येक लग्नांत फोटो काढू नका असे सांगितले जाते, कारण फोटो पुरावा ठरतो. ज्या फोटोत नवरी सोळाची आहे तो फोटो कितीही गोड असला तरी तो गोड म्हणून वाचता येत नाही.

आता बाहेरून काढलेल्या चित्रांकडे येऊ. वर्तमानपत्रे आणि माहितीपट यांनी ऊसतोड्याचे एक ठरीव चित्र घडवले आहे. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारी बाई. पहाटेच्या धुक्यात टायरगाडी. पाचटाच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत झोपलेले मूल. ही चित्रे खोटी नाहीत. डोकी सेंटरवर आणि गाडी सेंटरवर हे रोज घडते. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हाही अशा छायाचित्रांनी काम केले. ती नसती तर मुंबईत कुणी हललेही नसते. माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रांत नवरा आणि बायको एका चौकटीत जवळजवळ कधीच नसतात. असले तर वाकलेले, उसात. धंदा ज्यांना एक म्हणून मोजतो त्यांना कॅमेरा एकमेकांकडे बघताना पकडत नाही. बैल असतो तो ओझ्याखालचा. कुत्रे तर नसतेच, कारण कुत्र्याने दुःखाच्या चित्राची शिस्त बिघडते. शेपूट हलवणारे जनावर मागे असले की बघणाऱ्याची करुणा थोडी ढिली पडते, हे चांगल्या छायाचित्रकाराला कळते आणि तो एक पाऊल बाजूला सरकतो.

सिनेमाने हे थोडे वेगळे केले. मंगेश हाडवळेंचा 'टिंग्या' २००८ साली आला. जुन्नरकडची गोष्ट आहे ती, पण आमच्या वस्त्यांवर ती आपलीच वाटली. तिथे बैल निकामी झाला की विकायचा, हा व्यवहार चित्रपट नाकारत नाही. मोठ्यांचा हिशेब आणि पोराचा जीव यांपैकी एकालाही खोटे पाडायचे नाही, हे त्याने साधले आहे. बीडमध्ये पाळीव जनावर म्हणजे हेच: ज्याचे नाव ठेवले आहे, ज्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करून हळदतूप लावले आहे, आणि दवाखान्याचे बिल आले तर जे बाजारात जाणार आहे. शहरी घरातल्या पाळीव प्राण्याविषयीचे लेखन आमच्याकडे उसने आणता येत नाही ते यामुळे. प्रेम कमी असते असे नाही, पण त्या प्रेमाला किंमत माहीत असते. शेळीला 'चंपी' म्हणणारी म्हातारी तिचा भावही सांगते, आणि दोन्ही एकाच दमात.

घराच्या भिंतीवर जोडप्याचा फोटो लागायचा तर आधी देवादिकांचा आणि थोरांचा लागतो. विठ्ठल-रखुमाई हे मराठी घरातले सर्वांत आवडते जोडपे. गंमत अशी की पंढरपुरात ती एका गाभाऱ्यात नाहीत. रुक्मिणीचे देऊळ वेगळे, विठ्ठलाच्या मागच्या बाजूला. दोघांना शेजारी उभे केले ते कॅलेंडरने आणि छापील तसबिरीने. म्हणजे भक्तांना हवा असलेला जोडफोटो छापखान्याने पुरवला, आणि ते काम मला स्टुडिओवाल्याच्या कोटापेक्षा फार चांगले वाटते. सैराट २०१६ साली आला तेव्हा आर्ची-परश्याचे फोटो मोबाइलच्या कव्हरांवर आणि रिक्षांच्या मागे चढले. चित्रपटाचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता. तरी लोकांनी निवडली ती विहिरीची, शेताची, पूर्वार्धातली चित्रे. कथेत मेलेल्या जोडप्याला लोकांनी फोटोत जिवंत ठेवले. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला ती प्रेक्षकाची समीक्षा वाटते.

आंबेडकरी वस्तीत भिंतीवर बाबासाहेब आणि रमाई असतात. या संदर्भात एक फोटो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. राजगृहातला, फेब्रुवारी १९३४ चा. यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. फोटोखालच्या ओळीत माणसांच्या नावांबरोबर टॉबीचेही नाव छापलेले असते. पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्या आधीच्या पंधरा महिन्यांतले हे घर. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो सभेतले, परिषदेतले, टेबलाशी वाचतानाचे असतात. या एका फोटोत ते घरातले माणूस आहेत, आणि तसे ते दिसतात त्यात टॉबीचाही वाटा आहे. फोटोत कुत्रे आले की ताठ बसलेली माणसेसुद्धा कुणाच्या तरी रोजच्या ओळखीची वाटू लागतात. धारूरच्या फोटोतून कुत्रे काढले तेव्हा काय गेले, हे मला या फोटोने समजावले.

जनावरांचा आणि बीडचा आणखी एक फोटो आहे, तो जगभर गेला. डिसेंबर २०२१. माजलगाव तालुक्यातले लऊळ. वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडावर, घरांच्या उंच छतांवर नेतात आणि ती तिथून पडून मरतात, अशी बातमी आली. दोन-चार दिवसांत मेलेल्या पिलांचा आकडा ८० झाला, मग २५०. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले म्हणून वानरांनी सूड उगवला, अशी कथा जोडली गेली. 'टोळीयुद्ध' हा शब्द आला. परदेशातल्या वाहिन्यांनीही बीडचे नाव घेतले. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरच्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. गावात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या बातमीदारांना २५० हा आकडा फुगवलेला आढळला. वानरे कधी कधी परक्या पिलाला उचलून कुरवाळत बसतात, त्याच्या अंगावरच्या उवा वेचतात, आणि ते पिलू वर दुधावाचून किंवा पडून मरते, असे स्पष्टीकरण जाणकारांनी दिले. पण तोवर सूडाचे विनोद चहूकडे पसरले होते.

त्या विनोदांचे व्याकरण पाहा. ते थेट व्हिडिओ गेमचे आहे. दोन टोळ्या, एक नकाशा, आणि मारलेल्यांचा वाढता आकडा. २५० ही मोजणी नव्हतीच, तो स्कोअर होता, आणि स्कोअर वाढतच जायचा असतो. लऊळ हे गाव त्यात पार्श्वभूमी म्हणून उरले. आपले पिलू सोडवायला वर चढलेला एक गावकरी पडून जखमी झाला, ही त्या सगळ्यातली एकमेव माणसाची बातमी. ती आतल्या परिच्छेदात गेली. एक माणूस गावठी कुत्र्याच्या पिलासाठी हातपाय मोडून घेतो, ही गोष्ट सूडापेक्षा कितीतरी नवलाची आहे. पण ती गेमच्या चौकटीत बसत नाही.

मराठी वाचकाजवळ या बातमीवर उतारा होता. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' १९८२ चे. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, म्होरक्याची सत्ता, नव्या नराने जुन्याला हाकलणे, पिलांची हत्या, सगळे त्यात आहे. सारा हर्डी या अमेरिकी संशोधक स्त्रीने अबूच्या पहाडातल्या वानरांवर १९७७ साली लिहिलेल्या पुस्तकात हीच पिलांची हत्या अभ्यासली आहे. माडगूळकर इतके रक्त दाखवतात, तरी कुठल्याही वानराच्या मनात मानवी सूड घालत नाहीत. ते झाडाखाली थांबतात आणि बघतात. लऊळच्या बातम्यांत तेवढे थांबणे कुणाला परवडले नाही. त्याच आठवड्यात, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली होती. जनावरांचे दोन्ही विषय एकाच मोबाइलवर एकामागून एक सरकत होते, आणि दोन्हींत एकच विचारले जात होते: कोण जिंकले?

यावरून व्हिडिओ गेमनेच आपली नजर बिघडवली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मास्तर मंडळी तो काढतातच. मीही काढत असे. आता थोडा सावध झालो आहे.

आमच्या भागात गेम आला तो नोकियाच्या सापावरून. धूळ बसू नये अशी कळपाटी आणि डोक्यावर बॅटरी असलेला नोकिया ११०० गाडीवानांचा लाडका होता. रात्री उसाच्या फडात उजेड द्यायचा आणि गाडी कारखान्याच्या रांगेत उभी असताना साप खेळायचा. गव्हाणीपुढे रांगेत तासन्‌तास जात. मग २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पोरांच्या हाती मोठा पडदा आला. लहानांचा आवडता बोलका टॉम, करड्या रंगाचा बोका, जो आपण बोललेले चिरक्या आवाजात परत बोलतो, ज्याला भरवायचे, झोपवायचे. कोपीबाहेर खरी शेळी बांधलेली असताना पोरे त्या बोक्याला जेवू घालत बसतात, हे पाहून मी एकदा वैतागलो होतो. एका पोरीने माझे समाधान केले. म्हणाली, "सर, टॉमला कुणी इकत न्हाई." कारखान्याचा पट्टा पडला की तळावर पाळलेले कुत्रे तिथेच सोडून यावे लागते, कारण ट्रकात माणसांनाच जागा नसते. टॉम मात्र फोनबरोबर गावी येतो.

थोराड पोरांचा गेम पब्जी. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात तोही होता. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. खेळाची रचना बहुतेक वाचकांना आता ठाऊक असेल: शंभर जण एका मुलखात उतरतात, शेवटी उरतो तो जिंकतो. तीन प्रकारे खेळता येतो. एकट्याने सोलो, दोघांनी ड्युओ, चौघांनी स्क्वाड. हे तीन शब्द माझ्या विद्यार्थ्याने मला समजावले तेव्हा तो सहज म्हणाला, "म्हंजी अर्धा कोयता, कोयता आन् टोळी." तो विनोद करत नव्हता. त्याने आपल्या घरातल्या शब्दांत खेळाचा अनुवाद केला होता आणि तो अचूक होता.

पुढचे मी त्यात भर घालून सांगतो. खेळ संपला की पडद्यावर हिशेब येतो. किती मारले, किती वेळ टिकलास, जोडीदाराला कितीदा उठवलेस. सगळे लगेच आणि ज्याचे त्याला. मुकादमाचा हिशेब हंगामाच्या शेवटी येतो, त्यात टन, खाडे, उचल आणि व्याज यांची वजाबाकी असते आणि आकडा बहुतेक वेळा बाकी दाखवतो. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जाते. अशा घरातल्या पोराला वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा, बाकी न ठेवणारा हिशेब हवासा वाटत असेल तर त्याला नुसते व्यसन म्हणून मोकळे होता येणार नाही. बंदुकांचे आकर्षण असेलच. पण ड्युओमध्ये पडलेल्या जोडीदाराला गुडघ्यावर बसून उठवता येते, ते करताना आपण मारले जाऊ शकतो, आणि पोरे तरीही उठवतात. मी बाजूला बसून हे पाहिले आहे. पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या खेळांची गोष्ट निराळी. त्यांनी गावातली घरे बसवली आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला तो उशिराच केला.

गेमचा खरा घाव दुसरीकडे बसतो, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. तो जागा खातो. स्वस्त फोनमध्ये जागा थोडी असते. गेमचे नवे अपडेट आले की फोन जागा मागतो आणि पोरगा गॅलरी उघडतो. आधी लग्नाचे व्हिडिओ जातात, मग बैलांचे फोटो, मग आईचे. आपल्या घराचे दफ्तर कोणत्या क्रमाने नष्ट करायचे हा निर्णय महाराष्ट्रात रोज हजारो पंधरा-सोळा वर्षांची मुले घेतात. कुठल्याही पुराभिलेखागारात एवढी सत्ता एका लिपिकाकडे नसते.

हे मी दफ्तर म्हणतो ते उगाच नाही. हेमा रायरकर आणि गी प्वातवॅ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. लऊळ ज्या तालुक्यात आहे तोच हा तालुका. जगाला माजलगाव वानरांमुळे माहीत झाले. या ओव्यांमुळे व्हायला हवे होते. ओवी बाईच्या तोंडी असे. कुणाची परवानगी न घेता ती भावाविषयी, नवऱ्याविषयी, सर्जा-राजाविषयी बोले. ओवी पुसायला कुणाच्या फोनमध्ये जागा कमी पडत नसे. बाई गेली तरच ती जाई, आणि तोवर लेकीसुनांनी ती उचललेली असे.

गॅलरी ही ओवीची जागा घेईल का? मला खात्रीने हो म्हणता येत नाही. फोन बापाचा किंवा पोराचा असतो. धारूरच्या त्या बाईने आयुष्यात एकही फोटो स्वतः काढलेला नाही. ती फक्त फोटोत आहे. सुनेचा फोटो स्टेटसला ठेवला म्हणून भांडणे झालेली मी पाहिली आहेत. ओवीत बोलणारी बाई फोटोत पुन्हा गप्प झाली, असे म्हणायला जागा आहे. तरी एक फरक मोलाचा वाटतो. पोराने काढलेल्या त्या फोटोत ती हसते आहे, आणि ते हसू कुठल्याही समितीला, बातमीदाराला किंवा मुकादमाला दाखवण्यासाठी नाही. नवरा आणि बायको शेजारी आहेत आणि त्यांच्या हातात कोयता नाही. अशा फोटोंविषयी आपल्या टीकाकारांनी 'स्टेटसवाली संस्कृती' म्हणून नाक मुरडण्याआधी एकदा वस्तीवर जाऊन बसावे. समीक्षेला लोकसाहित्य म्हणून मान्य व्हायला ओवीलाही पुष्कळ काळ थांबावे लागले होते.

त्या फोटोतल्या कुत्र्याचे नाव सांगायचे राहिले. पब्जी. बंदी आली त्याच महिन्यात ते पिलू घरी आले आणि पोराने रागाने ते नाव ठेवले. बापाला गेमचा तिटकारा होता, पण कुत्र्याला हाक मारताना त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा तेच नाव. आई 'पबज्या' म्हणते. पट्टा पडला तेव्हा वडिलांनी त्याला बैलांच्या ट्रकात चोरून, वाढ्याखाली दडवून गावी आणले होते. बैल दोन वर्षांपूर्वी विकले गेले. कुत्रे अजून आहे.

भाद्रपदात मी पुन्हा त्या घरी गेलो. भिंतीवर कोटातले वडील, हार घातलेले. आई म्हणाली, "चांगला आलाय फोटो. सायबावानी दिसत्यात." थोड्या वेळाने म्हणाली, "बैल ऱ्हाऊ द्यायचा व्हता." पोराला मी मूळ फोटो आहे का विचारले. होता. नव्या अपडेटसाठी त्याने गेल्या महिन्यात बरेच काही उडवले होते, पण तो ठेवला होता. त्याने मला तो व्हॉट्सॲपवर पाठवला. पाठवताना तो बारीक झाला, कुत्र्याचे तोंड थोडे पुसट आले. अंबाजोगाईत मी त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत काढून घेतली. स्टुडिओवाल्या पोरीला सांगितले, काही कापू नको, काही उजळू नको.

मुकादम येऊन गेला आहे. यंदा कोयता आई आणि मुलगा मिळून. वहीत ती एक ओळ भरली गेली, वडिलांच्या राहिलेल्या बाकीसकट. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. पोरगा म्हणतो, "पेपराला येतो सर, मुकादमाशी बोललोय." मी प्रवेशपत्राची तजवीज करून ठेवणार आहे.

फोटोची प्रत मी आईच्या हातात दिली तेव्हा तिने आधी बैलाच्या शिंगावर बोट ठेवले, मग टोपीवर. स्वतःकडे पाहून पदर तोंडाला लावला. पोरगा खिळा आणि हातोडी शोधायला उठला तर म्हणाली, "भिंतीला नगं. पेटीत ठिव. संगं न्यायचाय."